पंख दोन, हातही दोनच

पहिल्या महायुद्धातल्या बायप्लेनच्या, म्हणजे एकावर एक दोन पंखांच्या विमानाच्या, प्लास्टिक मॉडेलच्या किटमध्ये एक कृतिपत्रिका असते आणि त्या कृतिपत्रिकेत एक बाण असतो. खाली धड आणि खालचा पंख, वर अधांतरी वरचा पंख, आणि मधे तो बाण. हे असं बसवा, म्हणे. सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या बाबतीत त्या एका बाणाचा अर्थ आहे आठ स्ट्रट, म्हणजे दोन मजल्यांमधले आठ खांब. चार धडातून निघालेले, चार पंखांच्या टोकांकडचे. आठांचीही वरची टोकं एकाच क्षणी वरच्या पंखातल्या आठ खळग्यांत जायला हवीत. सात जातात. आठव्याला बोट लावलं की पहिला निघतो, पहिला धरला की चौथा आडवा होतो, आणि नेमकं तेव्हाच नाक खाजायला लागतं.

खरं कॅमल पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत 8.53 मीटर. 1/72 मापात ते जेमतेम 12 सेंटिमीटर होतं. खांब आगपेटीच्या काडीहून बारीक. चिमट्यात जरा जास्त दाबला की तो उडतो आणि खोलीतल्या अशा कोपऱ्यात जातो, जिथे केरसुणीसुद्धा कधी गेलेली नसते. म्हणून स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या दांडीवरून, भाग कापताना तो पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून कापावा. दिसायला वेडेपणा आहे, पण गुडघ्यांवर रांगत विजेरी फिरवण्यापेक्षा बरा.

आता ही कसरत जमते कशी? एक तर कृतिपत्रिकेचा क्रम विसरायचा. आधी खालचा पंख धडाला लावायचा आणि तिथेच थांबायचं. कॅमलचा वरचा पंख अगदी सपाट असतो. बनवायला सोपा जावा म्हणून कारखान्यात तो तसाच ठेवला आणि टोकांकडची सगळी चढण, सुमारे 5 अंशांची, खालच्या पंखाला दिली. हे ठाऊक नसलेला भला माणूस ‘वरचा वाकडा आलाय वाटतं’ म्हणून त्याला गरम पाण्यात बुडवतो आणि दोन्ही टोकं प्रेमाने वर वळवतो. पंख वळतोही छान. पुढे मात्र बाहेरचे खांब आखूड पडतात आणि दोष किटला दिला जातो.

खालचा पंख जाड पुठ्ठ्याच्या साच्यात रात्रभर ठेवावा. मग धडावरचे चार खांब. त्यांच्या टोकांना 0.3 मिलिमीटरचं भोक पाडून पितळेच्या तारेची खुंटी बसवली की ते नुसत्या चिकटण्याच्या भरवशावर राहत नाहीत. 0.3 चा ड्रिल बिट किंचित तिरका झाला तरी तुटतो, त्यामुळे एकटा कधी आणू नये. बाहेरचे खांब सावकाश वाळणाऱ्या सिमेंटने, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकच्या गोंदाने, फक्त खालच्या पंखाला लावायचे. ते जरा डुलत राहिले पाहिजेत. सुपरग्लू इथे नको. तो दोन सेकंदांत निर्णय घेतो आणि फिरवत नाही. सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा करतं, रंगावर त्याचं काही चालत नाही. म्हणून टोकांवरचा आणि खळग्यांतला रंग आधी खरवडायचा. हे विसरलं की वरचा पंख तिसऱ्या दिवशी, कुणी हात न लावता, आपण होऊन निवृत्त होतो.

शेवटची युक्ती अशी, की वरचा पंख विमानावर ठेवायचाच नाही. तो टेबलावर पालथा ठेवायचा आणि उलटं केलेलं विमान त्यावर उतरवायचं. गुरुत्वाकर्षण हा एकमेव मदतनीस आहे जो फुकट मिळतो आणि मधेच चहाला जात नाही.

मजला उभा राहिला म्हणून सुटलो असं समजू नये. तारा राहिल्यात. खऱ्या विमानात पंखांची लाकडी चौकट हलकी आणि पातळ होती, सगळा भार खांब आणि तारा मिळून पेलत, एखाद्या जुन्या पुलासारखा. धडाच्या बुडातून बाहेरच्या खांबाच्या माथ्याकडे जाणाऱ्या तारा उडताना ताणल्या जात. धडावरच्या खांबांच्या माथ्यावरून बाहेरच्या खांबाच्या पायथ्याशी उतरणाऱ्या तारा जमिनीवर असताना पंख सावरून धरत. आपलं मॉडेल कपाटावर बसण्यापलीकडे काही करणार नाही. तरी एक तार चुकीच्या खांबाला गेली तर पाहणारा नेमकी तीच पाहतो.

सहा मिलिमीटरची तार 1/72 मध्ये 0.08 मिलिमीटर होते. गळाची बारीक नायलॉन चालते, लवचिक धागा चालतो, नाहीतर स्प्रूची ओढून केलेली तार. स्प्रू मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवत राहायचा, चकाकून लोंबायला लागला की ज्योतीपासून बाजूला घ्यायचा आणि मग ओढायचा. ज्योतीतच ओढणाऱ्याच्या हाती दोन टोकं येतात आणि मधे काहीच उरत नाही. तारांची भोकं पंख वेगळे असतानाच पाडून ठेवायची आणि बिटवर टेपची खूण करायची, कारण पंखाची जाडी दीड-दोन मिलिमीटर आणि उत्साह त्याहून जास्त. आतून बाहेर यायचं: आधी धडावरच्या खांबांमधल्या तारांच्या फुल्या, नंतर बाहेरच्या. उलट केलं तर आपलीच तार आपल्याला आत जाऊ देत नाही. नायलॉन फार ताणली तर पंखच पिळवटतो. माझं मत लवचिक धाग्याच्या बाजूने आहे. कोपर लागलं तरी तो गप्प बसतो.

हे सगळं टाळायचं असेल तर 1918 चं फॉकर डी-सेव्हन घ्यावं. त्याचे पंख जाड, ताकद आतल्या आत, दोन पंखांमध्ये एकही तार नाही. आणि मग डीकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांचा, तक्ता उलगडायचा. जर्मनांनी कापडावर चार किंवा पाच रंगांचे बहुकोनी ठिपके छापले होते, ते सगळे तुम्ही पट्टी-पट्टीने, वर एका छटेत आणि खाली दुसऱ्या छटेत चिकटवायचे. खाली चकचकीत वॉर्निशचा थर नसेल तर हवा अडकते आणि पंख माशाच्या खवल्यांसारखा चांदीने चमकतो. आगीतून फुफाट्यात.

उलट ज्यांना दुःखाची ओढ आहे त्यांच्यासाठी डी-एच-टू हे ब्रिटिश लढाऊ विमान. फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळी झाडायची यंत्रणा ब्रिटिशांकडे तेव्हा नव्हती, म्हणून त्यांनी इंजिनच मागे नेलं आणि शेपटी धरायला उघड्या दांड्यांचा सांगाडा दिला. त्यांची अडचण सुटली. आपली सुरू झाली.

रंगाबद्दल थोडक्यात, कारण थोडक्यात तो संपत नाही. ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूचा पीसी-टेन हा पिवळी माती आणि काजळी यांपासून बनवलेला रंग. कुणाला तो हिरवट दिसतो, कुणाला तपकिरी. जुने फोटो दाखवून वाद मिटवू पाहणाऱ्याला सांगावं, की त्या काळच्या फिल्मवर निळा फिका आणि तांबडा जवळजवळ काळा उमटे. मी मधली छटा काढतो, दोन्ही पक्ष नाराज होतात.

कापडाच्या पंखांवरच्या फासळ्या बऱ्याच किटमध्ये उपाशी गुराच्या बरगड्यांसारख्या वर आलेल्या असतात. खरं कापड डोपने, म्हणजे कापड आवळणाऱ्या वॉर्निशने, ढोलासारखं ताणलेलं असे, तेव्हा सँडपेपर फिरवून त्या अर्ध्यावर आणाव्यात. कॅमलचं नऊ सिलिंडरचं इंजिन स्वतःच पंख्याबरोबर गरगरे आणि एरंडेल उडवे. पोटावर मागे ओघळणारे तपकिरी डाग पातळ तैलरंगाने दोन-तीनदा हलके द्यावेत. नमनाला घडाभर तेल इथे शब्दशः लागू आहे, पण तो घडा विमानावर ओतू नये.

पूर्ण झालेलं मॉडेल झाकणाच्या पारदर्शक पेटीतच ठेवावं. धूळ झटकायला मऊ ब्रश फिरवला की त्याचा एखादा केस तारेत अडकतो, आणि तो सोडवायला पुन्हा चिमटा लागतो. पेटीचं झाकण सरळ वर उचलायचं. तिरकं उचललं तर तो आठवा खांब नेमका कुठला होता, हे कळतं.