बँकॉकात आपलेच पैसे काढले अन् अडीच हजार कटले, आधी काऊन नाई सांगत?

डोकं फिरलंय म्हणून लिहून राह्यलो, लांब होईन, पण तुमच्या घरातलं कोणी बाहेर देशात जाणार असन तं पूर्ण वाचा.

दिग्रसकडचं आमचं गाव. नोव्हेंबर 2024 मध्ये विहारातले आम्ही बारा जण थायलंडले गेलो. बाबायची लय वर्षांची इच्छा होती, बँकॉकच्या वाट फो मंदिरातली ती 46 मीटर लांब महापरिनिर्वाण मुद्रेतली बुद्धमूर्ती डोळ्यानं पाहाची. सोयाबीनचा चुकारा नुकताच जमा झाला होता, तेच पैसे खात्यात. टूरवाला म्हणे कॅश कायले बाळगता, एटीएम आहेत ना जागोजागी. बाबायचं कार्ड म्हणजे जनधनचं साधं रुपे, ते भारताबाहेर चालतच नाई, म्हणून मी माह्या खात्यावर नवीन व्हिसाचं कार्ड काढलं. नवीन कार्ड बाहेर देशासाठी बंदच येते, 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, आपण सांगितलं तरच चालू होते. तं मी चालू कराले तालुक्याच्या शाखेत गेलो, फॉर्म भरला, तीन जागी सह्या केल्या, अर्धा तास त्या माणसासमोर बसून होतो, मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं का थायलंडले चाललो, पैसे लागतीन. एका शब्दानं त्यानं सांगितलं नाई का बाहेर पैसे काढले तं काय काय कटते. एका शब्दानं नाई!

बँकॉकात पहिल्याच संध्याकाळी 5000 बाट काढाले गेलो. बाट तेव्हा अडीच रुपयाच्या जवळपास होता, म्हणजे साडेबारा हजार. मशीननं आधी लिहून दाखवलं का आमची 220 बाट फी लागन. ठीक आहे, त्यायची मशीन आहे, अन् त्यायनं आधी सांगितलं तरी, आपल्या बँकेनं तेवढंही केलं नाई.

मंग दुसरा स्क्रीन आला अन् तिथंच मी फसलो. स्क्रीनवर चक्क रुपये! ती 220 बाट फी धरून 13,937 रुपये 40 पैसे, गॅरंटीड रेट, खाली ॲक्सेप्ट कन्व्हर्जन अन् डिक्लाइन कन्व्हर्जन. आता मले सांगा, खेड्यातला माणूस परक्या देशात उभा आहे, मागं लाइन लागली आहे, कार्ड मशीनच्या आत, अन् समोर आपल्या ओळखीचे रुपये दिसते, तो काय दाबन? मले वाटलं डिक्लाइन म्हणजे व्यवहारच कॅन्सल होते अन् कार्ड अडकते. ॲक्सेप्ट दाबलं. नंतर समजलं का डिक्लाइन दाबलं तरी पैसे निघतेच, फक्त हिशोब बाटमध्ये होते अन् रेट व्हिसाचा लागते. ॲक्सेप्ट केलं का रेट त्या मशीनवाल्या बँकेचा, त्यायले वाटन तो. मले बाट पडला 2 रुपये 67 पैशाले! त्याच्यावर आपल्या बँकेनं बाहेरच्या एटीएमचे 125 कापले, त्या 125 वर 18 टक्के जीएसटी, झाले 147 रुपये 50 पैसे. म्हणजे साडेबारा हजाराच्या नोटा हातात अन् खात्यातून गेले 14,084 रुपये 90 पैसे.

मेसेज पाहून मले वाटलं काहीतरी चुकलं, म्हणून बॅलन्स चेक केला त्याच मशीनवर. त्याचे 25 रुपये अन् जीएसटी. स्वतःचा बॅलन्स पाहाचे साडेएकोणतीस रुपये! दुसऱ्या दिवशी बाबायचा पाय मुरगळला, सुजून टम्म, दवाखान्यात रोख मागितले. घाईघाईत मी जास्त आकडा टाकला, खात्यात तेवढे नव्हते, मशीननं नाई म्हटलं अन् पैसे न निघण्याचेही परत साडेएकोणतीस कटले. बाबा बाकावर पाय धरून बसले होते अन् मी मशीनसमोर घामाघूम.

तवा आमच्या ग्रुपमधला नागपूरचा एक पोरगा धावत आला, म्हणे दादा घाबरू नका, विदाऊट कन्व्हर्जन, म्हणजे तेच डिक्लाइन, दाबा, निघतीन. निघाले. 2000 बाट. लय उपकार झाले त्याचे. पण इथंही ऐका काय झालं, काऊन का मले वाटलं आता तरी बरोबर केलं आपण. त्या मशीनचे 220 बाट म्हणजे साडेपाचशे रुपये. आपल्या बँकेचे तेच 147 रुपये 50 पैसे. अन् दोन दिवसांनी तिसरी एंट्री, मार्कअप, म्हणजे बाटचे रुपये कराचा आपल्या बँकेचा वरचा चार्ज, साडेतीन टक्के, तोही त्या 220 बाट फीसकट पूर्ण रकमेवर, अन् मार्कअपवर परत 18 टक्के जीएसटी, म्हणजे खरं पाह्यलं तं 4.13 टक्के, ते 229 रुपये. एकूण 926 रुपये! पाच हजार रुपयाच्या नोटांसाठी नऊशे सव्वीस! हे मार्कअप त्या रुपयाच्या स्क्रीनपेक्षा तरी कमीच, ते मान्य, पण साडेपाचशे अन् 147 हे तं दर वेळेले ठरलेलेच, दोन हजार बाट काढा का वीस हजार, सातशे रुपये गेलेच समजा. हे जर मले निघाच्या आधी माहीत असतं तं मी एकाच वेळी मोठी रक्कम काढली असती, नाईतर इथूनच बाट घेऊन गेलो असतो, रोख विदेशी नोटा 3000 डॉलरपर्यंत नेता येतेच. थोडे थोडे काढावं, हरवले तं नुकसान नको, हा आपला साधा विचार, त्यानंच मले बुडवलं.

सगळं मिळून 2570 रुपये. अर्ध्या क्विंटलच्या वर सोयाबीन आहे भाऊ ते, तेव्हाच्या भावानं. कापणी, मळणी, पोते वाहणं, हे सगळं माह्या आईनं अन् बायकोनं केलेलं आहे.

परत आल्यावर शाखेत गेलो. साहेब म्हणते, "अहो, सगळे चार्जेस वेबसाइटवर आहेत ना." मी रात्री बसून शोधलं, इंग्रजी पीडीएफ, बारीक अक्षर, त्याच्यात क्रॉस करन्सी मार्कअप म्हणून एक ओळ. हे माह्या बापानं वाचाव? मी बारावी शिकलो, मलेच दोनदा वाचून समजलं नाई. कर्जाच्या हप्त्याचा मेसेज मराठीत बरोबर येते, तारखेच्या आधी येते. मंग कार्ड चालू करतानाच्या फॉर्मवर मराठीत चार ओळी छापाले काय जाते? दर वेळेले इतके, वरून इतके टक्के, बॅलन्स पाह्यला तरी इतके, रुपयाचा स्क्रीन आला तं नाई म्हणा. बस!

बाजार समितीत माल नेला तं हिशोबपट्टी मिळते, हमाली इतकी, तोलाई इतकी, कोणी जास्त लावली तं तिथंच भांडता येते. इथं पासबुकात नुसते इंग्रजी शॉर्टफॉर्म, कोणता पैसा थायलंडच्या बँकेचा, कोणता आपल्या, कोणता सरकारचा, काही समजत नाई. ती सगळी बेरीज मी वहीवर गूगलचा रेट पाहून स्वतः केली, दोन रात्री गेल्या त्याच्यात.

बाबायले समजावून सांगितलं तं ते गप्पच बसले, मंग म्हणाले, "माह्या पायापाई झालं हे." ते ऐकल्यापासून माह्या डोक्यातून राग जाऊन नाई राह्यला. त्यायच्या पायापाई नाई झालं. अर्धा तास समोर बसलेल्या माणसानं तोंड उघडलं नाई म्हणून झालं.

लेखी अर्ज दिला आहे, प्रत्येक कपातीचा मराठीत वेगवेगळा हिशोब द्या म्हणून, पोच म्हणून शिक्का मारून घेतला. फेब्रुवारीत आमच्या विहारातले आठ जण श्रीलंकेले चालले, त्यायच्यासाठी ती माही वहीची पानं झेरॉक्स काढून ठेवली. सोमवारी परत शाखेत जातो.