लसणीच्या तेलाने बाळाचा कान बरा होत नाही, बहुतेकदा तो आपला आपण होतो

थंडी पडायला लागली की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. कधी ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून, कधी कुणा डॉक्टरांचं नाव चिकटवून. मजकूर थोडाफार असा: बाळाचा कान सारखा दुखतो किंवा वाहतो, कारण कानाला वारं लागतं आणि आंघोळीचं पाणी आत जातं. लसूण परतलेलं कोमट तेल दोन-दोन थेंब घाला. कान वाहत असेल तर वाहू द्या, आतली घाण निघते. दूध बंद करा, कफ होतो. अँटिबायोटिक मुळीच देऊ नका आणि डॉक्टर ‘कानात नळी घालू’ म्हणाले तर उठून चालू लागा, मूल कायमचं बहिरं होतं. मोठं झालं की सगळं आपोआप थांबतं. शेवटी ‘शंभर टक्के अनुभव’ आणि जोडलेले हात.

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि तीच जास्त गोत्यात आणतात. म्हणून एकेक करून बघू.

आधी तेल. लहान मुलांना जो ठणका लागतो, रात्री दोनला किंचाळत उठवतो, तो बहुतेक वेळा मधल्या कानातला असतो, म्हणजे पडद्याच्या आत. बाहेरून घातलेला थेंब पडद्यापाशी थांबतो. पडदा शाबूत असेल तर लसूण असो, ओवा असो की आईचं दूध, ते पू साठलाय तिथे पोचतच नाही. आणि पडदा फुटलेला असेल तर पोचतं, पण तिथे ते जायलाच नको होतं. बाहेरून बघून घरातल्या कुणालाही यातलं काय झालंय ते कळत नाही.

मग इतक्या आया-आज्या ‘गुण आला’ म्हणतात त्या खोटं बोलतात का? अजिबात नाही. अशा कानदुखीत साधारण 60 टक्के मुलांचं दुखणं 24 तासांत थांबतं, औषध दिलं काय आणि न दिलं काय. रात्री तेल घातलं, पहाटे बाळ झोपलं, दुपारी खेळायला लागलं. तेल न घालताही दुपारी ते खेळायलाच लागलं असतं. श्रेय तेवढं बाटलीला मिळालं.

बरं, निदान अपाय तरी नाही ना? आहे. आपल्या बोटाला कोमट लागलेलं तेल बाळाच्या कानातल्या पातळ त्वचेला पोळू शकतं. तेल आणि लसणीचा चोथा आत असला की डॉक्टरांना पडदा दिसत नाही, आणि सगळा निर्णय तर पडदा बघूनच घ्यायचा असतो. न्हाऊ घालणाऱ्या मावशी कानाबरोबर नाकातही तेल सोडतात. ते त्याहून वाईट, कारण नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून तान्ह्या बाळांना न्यूमोनिया झाल्याची उदाहरणं वैद्यकाला चांगली ठाऊक आहेत. मालिश हातापायांची, पाठीची करा की. तिथे कुणाची हरकत नाही.

तेलाचाच भाऊ म्हणजे कपाटातली कानाच्या थेंबांची जुनी बाटली. त्यातल्या काहींत निओमायसिन किंवा जेंटामायसिन असतं. पडदा फुटलेल्या कानात ही औषधं गेली तर आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्याच्या मूळ यंत्रणेलाच इजा होऊ शकते. मागच्या वर्षी मोठ्या भावाला दिलेले थेंब यंदा धाकट्याला, हे तर मुळीच नको.

रात्री करायचं काय, तर दुखणं मारायचं. वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल: किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास. इथे एक धोका कुणी सांगत नाही. ड्रॉपरवाल्या बाटलीत बहुधा एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतं आणि सिरपमध्ये पाच मिलीत 120, 125 किंवा 250. सिरपचा चमचा घेऊन थेंबांच्या बाटलीतलं औषध पाजलं तर डोस कित्येक पट होतो. लेबल दिव्याखाली धरून वाचा. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला मात्र ताप असेल तर घरी डोस देत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

आता वारं आणि पाणी. मेसेज इथे दारच चुकलाय. हा आजार कानाच्या भोकातून आत शिरत नाही, तो नाकाच्या मागच्या दारातून येतो. नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी एक बारीक नळी असते, युस्टेशियन नळी. मोठ्या माणसात ती लांब आणि तिरकी असते, बाळात जवळपास निम्मी आणि बरीचशी आडवी. सर्दी झाली की ती सुजून बंद होते, आत पाणी साठतं आणि नाक-घशात एरवी निवांत बसलेले जंतू त्या पाण्यात वाढतात. सहा महिने ते दोन वर्षं या वयात हे सगळ्यात जास्त होतं. थंडीत आणि पावसाळ्यात सर्दी वाढते म्हणून कानदुखीही वाढते. दोष मात्र वाऱ्यावर जातो. कानटोपी घालायची तर खुशाल घाला, ती उबेसाठी चांगली आहे. तिने कान दुखायचा थांबत नाही एवढंच.

आंघोळीच्या पाण्याचंही तेच. पडदा शाबूत असताना ते मधल्या कानात जात नाही. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तेव्हा मात्र कान कोरडा ठेवायचाच.

खरी कारणं ओळखली तर हाती बरंच काही लागतं, आणि मला वाटतं मेसेजचा खरा अपराध हाच की तो या गोष्टींवरून लक्ष उडवतो. पहिली गोष्ट धूर. घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर मुलाचे कान जास्त बिघडतात, हे पक्कं माहीत आहे. ‘मी गॅलरीत जाऊन ओढतो’ याने फार फरक पडत नाही, कपड्यांवर आणि हातांवर तो घरात येतोच. चुलीचा धूरही तसाच. आणि हो, आंघोळीनंतर बाळाला देतात ती वेखंड-ओव्याची धुरीसुद्धा. हे वाचून घरात वाद होईल याची मला कल्पना आहे. पण बाळाच्या नाका-फुप्फुसांना धूर शेणीचा की वेखंडाचा हा फरक कळत नाही. ऊब हवी असेल तर खोली बंद करा, शेगडी आत आणू नका, दुपट्यात गुंडाळा.

दुसरी गोष्ट बाटली. आडवं झोपवून, उशीला टेकवून तोंडात दिलेल्या बाटलीतलं दूध त्या आडव्या नळीच्या तोंडाशी जातं. पाजायचंच झालं तर डोकं वर धरून पाजा. शक्य तिथे पहिले सहा महिने अंगावरचं दूध, त्याने कानांचे आजार कमी होतात. सहा महिन्यांनंतर चोखणी कमी करत न्या. पाळणाघरात सर्दीची देवाणघेवाण चालणारच, तिला इलाज नाही, आणि त्यासाठी नोकरी सोडलेली आई हा या आजाराचा उपचार नव्हे.

तिसरी लस. न्यूमोकोकस हा मधल्या कानातल्या मुख्य जंतूंपैकी एक. त्याविरुद्धची पीसीव्ही लस 2017 मध्ये सरकारी कार्यक्रमात काही राज्यांत आली आणि 2021 मध्ये देशभर. सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने असे तीन डोस, सरकारी केंद्रात फुकट. तिचा मूळ उद्देश न्यूमोनिया टाळणं हा आहे. कान त्यामुळे थोडेच वाचतात, सगळे नाही, पण फुकटात मिळतंय ते कार्डावर तपासून घ्या.

‘वाहू द्या, घाण निघते’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण पहिल्या दिवशी ते खरं असल्यासारखं दिसतं. पुवाचा दाब वाढून पडदा फुटतो, पू बाहेर येतो, ठणका आणि ताप एकदम उतरतो. घरचे हुश्श करतात. बहुतेकदा तो पडदा काही दिवसांत-आठवड्यांत भरूनही येतो. पण कान फुटला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा असतो, कारण वाहता कान हा औषध देण्याच्या निकषांतलाच एक आहे. आणि दोन आठवडे होऊनही वाहत असेल तर ती घाण निघत नसते, तो जुनाट आजार सुरू झालेला असतो. तो कोरडा करायला कान नीट पुसून घ्यावा लागतो आणि बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे, पडदा फुटलेला असतानाही चालणारे थेंब द्यावे लागतात, तेही तपासल्यावर. पुवाला घाण वास येत असेल तर अजिबात थांबू नका. आत त्वचेची गाठ वाढून ती हाड पोखरत असू शकते. आपल्याकडे ‘त्याचा कान लहानपणापासूनच वाहतो’ असं सहज सांगितलं जातं, जणू ती केसांची ठेवण आहे. त्यातल्या बऱ्याच मोठ्या माणसांना आज कमी ऐकू येतं.

अँटिबायोटिक. इथे मेसेजला अर्धे गुण द्यायला हवेत. प्रत्येक कानदुखीला ते लागत नाही. दोन वर्षांवरचं मूल, दुखणं बेताचं, ताप फारसा नाही, तर पॅरासिटामॉल देऊन दोन-तीन दिवस वाट बघणं हा मान्यताप्राप्त उपचार आहे. सहा महिने ते दोन वर्षं या वयात एकाच कानाला आणि सौम्य असेल तरही. पण ही वाट डॉक्टरांनी पडदा बघून, ‘बरं नाही वाटलं तर परवा या’ असं सांगून बघायची असते. सहा महिन्यांखालचं बाळ, दोन वर्षांखाली दोन्ही कान, वाहता कान, 102 च्या वर ताप, दोन दिवसांहून जास्त ठणका: इथे औषध लागतंच. पहिली निवड सहसा साधं अमॉक्सिसिलिन, पुरेशा डोसात. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली फ्रीजमध्ये ठेवून देणं आणि पुढच्या सर्दीला तीच काढणं, हे मात्र मुळीच नको.

कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसली, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, मान ताठ झाली, मूल गळून पडलं, तर रात्र असो की दिवाळी, दवाखाना गाठायचा.

दूध बंद करण्याबद्दल फार लिहीत नाही. दुधाने कानात कफ होतो याला आधार नाही. गाईच्या दुधाची खरी अ‍ॅलर्जी असलेली थोडी मुलं सोडली तर दूध बंद केल्याने फक्त मुलाचं वजन घटतं.

राहिली नळी, म्हणजे ग्रॉमेट. पडद्याला बारीकशी चीर देऊन बसवलेली इवलीशी नळी. ती बहिरं करत नाही, उलट साठलेल्या पाण्याने कमी झालेलं ऐकू येणं परत आणते, आणि बहुधा सहा महिने ते दीड वर्षात आपोआप गळून पडते. क्वचित भोक मागे राहतं, ते डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. पण दुसरी बाजूही सांगतो. वर्षात चारदा कान दुखला की नळी, असंही नाही. 2021 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, वारंवार कान दुखणाऱ्या लहान मुलांपैकी नळी घातलेल्या आणि गरजेप्रमाणे औषध घेतलेल्या गटांत दोन वर्षांत कान दुखण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. म्हणून ‘नुसतं दुखतं’ आणि ‘आत पाणी साठून ऐकू कमी येतं’ हे दोन प्रश्न डॉक्टरांना वेगवेगळे विचारा. दोन्ही कानांत तीन महिन्यांहून जास्त काळ पाणी आणि ऐकण्यात घट असेल तर नळीचा विचार रास्त असतो.

‘मोठं झालं की थांबतं’ हेही बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. शाळेत जायच्या वयापर्यंत युस्टेशियन नळी लांब होते, सर्दी कमी होते. प्रश्न मधल्या दोन-तीन वर्षांचा आहे, कारण बोलणं शिकायची वर्षं तीच. ठणका बरा झाल्यावरही जवळपास निम्म्या मुलांच्या कानात महिनाभर पाणी राहतं. ते दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मूल पूर्ण बहिरं नसतं. मोठा आवाज कळतो, ‘स’, ‘फ’, ‘त’ असे हलके आवाज निसटतात. टीव्ही मोठा करतं, मागून हाक मारली की वळत नाही, दोन वर्षांचं होऊनही शब्द जोडत नाही, आणि घरात ‘लक्षच देत नाही’ म्हणून ओरडा खातं. जन्मल्यावर झालेली ऐकण्याची चाचणी पास झाली होती, हे इथे उत्तर होत नाही. पाणी नंतर साठलेलं असतं.

यासाठी खासगी दवाखान्याचाच खर्च हवा असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. हा कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला आणि मधल्या कानाचा संसर्ग त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक आलं की वजन-उंचीवर न थांबता ‘याचा कान वाहतो’, ‘हा हाकेला वळत नाही’ असं स्वतःहून सांगा आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या.