गोल फिरतंय, मॅडम

पूर्वीच्या गुरुजींचं बरं होतं. बाप पोराला शाळेत घेऊन आला की गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की रजिस्टरात जन्मतारीख पडायची : १ जून. अर्धा महाराष्ट्र अजून त्या दिवशी केक कापतो, कुणाचं काही अडलं नाही.

आमच्या चौथीतली एक मुलगी रोज पहिल्या रांगेत बसते, पाढे सगळ्यांच्या वरताण आवाजात म्हणते, पण पोर्टलच्या लेखी ती नाहीच. रजिस्टर आणि आधार यांत एका इंग्रजी अक्षराची तफावत आहे. त्या अक्षरापायी बापाची मजुरी बुडते, मला तालुक्याला हेलपाटे, आणि ती मात्र दणक्यात "हजर मॅडम!"

आमची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, हा हिशेब चुलीपाशी केव्हाच झालेला असतो. तो ॲपवर चढायला मात्र रेंज लागते, आणि ती येते सकाळी. त्यामुळे आमची पोरं आधी ॲपमध्ये जेवतात, खिचडी मागाहून शिजते. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज : 'अत्यंत तातडीचे. पाच वाजेपर्यंत लिंक भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक भरावी.' निरंक भरायलाही ओटीपी येतो, हे जाता जाता सांगते.

शिकवणं? तेही असतं मधूनमधून.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर स्पर्धकांना वाटून टाकली. माणूस मोठाच. पण तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात आम्हाला "त्यांच्याकडे बघा" म्हणतात. बघतो की! बघायला रेंज लागत नाही.

परवा पक्ष्यांच्या घरट्यांचा व्हिडिओ दाखवायचा होता. पाण्याच्या टाकीपाशी दोन काड्या येतात, म्हणून अख्खा वर्ग तिकडे नेला. कोड स्कॅन झाला, सुगरण पक्षी चोचीत काडी धरून पडद्यावर आला आणि तसाच थिजला. त्याच्या पोटावर गोल फिरू लागलं.

"मॅडम, विमान मोडवर टाकून काढा," तिसरीतला तज्ज्ञ म्हणाला. काढलं. परत गोल.

"मॅडम, तिकडं बघा की," एक पोरगी विहिरीकडे बोट दाखवत म्हणाली. बाभळीला पाच-सहा खोपे लोंबत होते. एक सुगरण चोचीत गवताची लांब पात घेऊन आला, उलटा लटकला आणि खोप्यात ती ओवू लागला. पोरांनी तासभर हलायचं नाव घेतलं नाही.

संध्याकाळी उपक्रमाचा फोटो ग्रुपवर टाकला. लगेच उत्तर आलं : 'फोटोत मोबाइल दिसत नाही. पुन्हा काढून पाठवावा.'

दुसऱ्या दिवशी पोरांना बाभळीकडे पाठ करून उभं केलं.