आम्ही म्हणजे दोघंच

या लेखात ‘आम्ही’ हा शब्द फार येईल. तो आदरार्थी नाही आणि संस्थानिकांच्या थाटातला तर नाहीच नाही. मॉर्मन या अमेरिकेत सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून परदेशी, आमच्या बाबतीत तैवानला, गेलेल्या पोराला दोन वर्षं ‘मी’ म्हणायची सोयच नसते. जोडीदार सतत दिसला पाहिजे आणि त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, हा नियम. झोपायची खोली एक, पलंग दोन. यातून सुटका मुख्यतः दोनच वेळा: न्हाणीघरात, आणि मिशनच्या अध्यक्षांनी एकट्याला मुलाखतीला बोलावलं तर. अध्यक्ष काही रोज बोलावत नाहीत. मग एकोणीस-वीस वर्षांचा धडधाकट मुलगा चार केसांच्या दाढीला पंचवीस मिनिटं का लावतो, हे वेगळं सांगायला नको. लग्न झालेल्यांनाही निदान ऑफिस असतं.

मुलगे 24 महिने जातात, मुली 18 महिने. मुलांना पूर्वी एकोणीस पूर्ण लागायची, 2012 पासून अठरा चालतात. छातीवर काळी पट्टी, पट्टीवर आडनाव आणि ‘एल्डर’ ही पदवी. पाळण्यातलं नाव घरी ठेवून यायचं. पलीकडच्या पलंगावरच्यालाही आडनावानेच हाक मारायची, शाळेत हजेरी चालू असल्यासारखी. तैवानात ‘एल्डर’चं चिनी भाषांतर ‘जांग्लाव’ होतं, म्हणजे ज्येष्ठ. मिसरूड न फुटलेल्या दोघांनी भाजीवाल्या आजींपुढे ‘नमस्कार, आम्ही ज्येष्ठ’ म्हणायचं आणि आजींनी पोट धरून हसायचं. आपल्याकडे भाजीवर कोथिंबीर-कढीपत्ता घालतात तशा तिथे पातीच्या कांद्याच्या चार काड्या वरून मिळतात. ज्येष्ठांना सहा मिळतात.

सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. अर्धा तास व्यायाम, नाश्ता, मग स्वतःचा अभ्यास, दोघांचा मिळून अभ्यास, शिवाय भाषेचा अभ्यास. हा शेवटचा जिवावरचा. चिनीत ‘विचारणं’ आणि ‘चुंबन घेणं’ ही दोन्ही क्रियापदं ‘वन’च, फरक फक्त सुराचा. विचारणं झटक्यात वरून खाली उतरतं, चुंबन खाली बुडी मारून वर येतं. ‘छिंग वन’, म्हणजे ‘जरा विचारू का’, हे आमचं दिवसातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य. संध्याकाळी दमलेल्या घशातून त्याचा सूर घसरला की समोरच्या काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. जोडीदाराने तेव्हा हसायचं नसतं. त्याने हसू दाबताना केलेला आवाज मात्र नियमाप्रमाणे ऐकू येतोच.

मग सायकल. जायंट आणि मेरिडा या दोन्ही कंपन्या 1972 साली याच बेटावर सुरू झाल्या, त्यामुळे सायकल मिळायची चिंता नाही. चिंता पँटची. साधी फॉर्मल पँट सायकलच्या सीटवर रोज काही तास घासली की बैठकीची शिवण आधी चकाकते, मग झिरझिरीत होते, आणि एखाद्या चौकात पाय टाकताना ‘टर्र’ म्हणते. फाटल्यावर रफू करणं म्हणजे वरातीमागून घोडं. चकाकी दिसली की लगेच आतून त्याच रंगाचं ठिगळ लावून आडवीतिडवी शिवण मारायची आणि दोन पँटी आलटूनपालटून वापरायच्या. उजवा पायचा साखळीत जातो, म्हणून तो मोज्यात खोचायचा. टाय वाऱ्याने तोंडावर येतो, तो शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणामधून आत सरकवायचा. काळ्या बॅगेचा पट्टा घामेजल्या शर्टावर रंग सोडतो आणि पाठीमागून आम्ही जानवं बाहेरून घातल्यासारखे दिसतो. 2020 पासून काही भागांत फिकट निळा शर्ट चालतो, टायही माफ होतो. पण निळ्यावर घाम जास्त दिसतो. हे माझं मत. जोडीदाराचं वेगळं आहे.

पंक्चरचं शास्त्र तर प्रत्येकाला आलंच पाहिजे. ट्यूबवर शेजारीशेजारी दोन भोकं दिसली, साप चावल्यासारखी, तर खिळ्याला शिव्या देऊ नयेत. चाकात हवा कमी होती आणि फुटपाथच्या कडेवर आपटताना रिमने ट्यूब चिमटली. टायरच्या बाजूवर हवेचा आकडा छापलेला असतो, तो आठवड्यातून एकदा पाळला की हे टळतं. भोक एकच असेल तर टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काच किंवा तार शोधायची, नाहीतर नवं ठिगळ वीस मिनिटांत शहीद होतं. ट्यूब पॉलिशपेपरने घासायची, सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. चूक इथेच होते. सोल्यूशन ओलं असतानाच ठिगळ दाबलं की ते माशासारखं सरकतं. पाचेक मिनिटांनी ओली चमक गेल्यावर दाबावं. ही पाच मिनिटं फार मोठी असतात, कारण पंक्चर एकाचं असलं तरी अडकलेले दोघं असतात, आणि ज्याची सायकल ठीक आहे त्याला त्या वेळात सल्ला देण्यावाचून दुसरं कामच नसतं.

मे-जूनमध्ये तिथे पाऊस दिवसेंदिवस रेंगाळतो, आणि पुढे वादळांचे महिने. मोठा घोंगडीछाप रेनकोट सायकलवर शिडासारखा फुगतो आणि स्वार नको त्या गल्लीत शिरतो. शर्ट-पँटीचा रेनकोट घातला तर बाहेरचं पाणी बाहेर राहतं, पण आतल्या घामाने तेवढंच भिजायला होतं. घरी आल्यावर साखळी पुसून तेल द्यायचं असतं. देतं कोण?

इमारतींना खाली इंटरकॉम असतो आणि त्यावर आमच्यासाठी दार उघडणारा विरळा. म्हणून खरं काम सिग्नलवर चालतं. तैवान स्कूटरवाल्यांचा देश आहे, आणि तिथल्या पुष्कळ सिग्नलवर उरलेले सेकंद दिसतात. साठ दिसले तर नमस्कार, नाव, देश, आणि रविवारचं आमंत्रण बसतं. तीस असले तर चर्चमधला इंग्रजीचा फुकटचा वर्ग तेवढा सांगावा, त्याला गिऱ्हाईक जास्त. दहाला फक्त हसावं. 2018 पासून चर्चचा आग्रह आहे की ‘मॉर्मन’ हे टोपणनाव सोडून पूर्ण नाव घ्यावं. ते चिनीत दहा अक्षरांचं आहे आणि त्यात येशू ख्रिस्तापासून ‘उत्तरकालीन संतां’पर्यंत सगळं येतं. संतांपर्यंत पोचतो तोवर दिवा हिरवा होतो.

आणि चहा! ‘चहा’ हा आपला शब्दच मुळात चिनी ‘छा’वरून आलेला. म्हणजे मराठी माणसाला विमानातून उतरताना चिनीतला एक शब्द पक्का येत असतो, आणि नेमकी तीच वस्तू आम्हाला वर्ज्य. आमच्या पंथाच्या 1833 सालच्या आदेशात ‘गरम पेयं’ नकोत असं आहे. त्याचा अर्थ चर्चने चहा आणि कॉफी असा लावला; म्हणून गरम कोको चालतो आणि बर्फ घातलेला चहा चालत नाही. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी याच्या फार मागे लागू नये.

तैवानी घरात चहा नाकारणं आणि सदाशिव पेठेत दुपारी दोनला बेल वाजवणं, दोन्हीला सारखंच धैर्य लागतं. चिमुकली किटली, चिमुकले पेले, आणि पेला रिकामा झाला रे झाला की यजमान भरतात. पाणी उकळायच्या आधी बोललं पाहिजे. नंतर बोलणं उद्धटपणा. ‘आवडत नाही’ असं चुकूनही म्हणू नये, कारण मग आतून आलीशान नावाच्या डोंगरावरचा भारी चहा येतो. ‘आमच्या चर्चचं पथ्य आहे’ म्हणावं. व्रत म्हणून शाकाहार पाळणारी माणसं तिथे कमी नाहीत, त्यामुळे पथ्य म्हटलं की लोकांना चटकन कळतं आणि न मागता साधं गरम पाणी येतं. अडचण पुढे आहे. चिनीत चहाची पत्ती नसलेल्या गोष्टीही ‘छा’च. सातूचा ‘छा’ चालतो. ‘दोंग्वा छा’ म्हणजे तर चक्क आपल्या कोहळ्याचं गोड सरबत, तेही चालतं. म्हणून नाव ऐकून घाबरायचं नाही, ‘पत्ती आहे का’ एवढं विचारायचं. ‘विचारायचं’चा सूर सांभाळून. साबुदाण्याच्या गोळ्यांच्या प्रसिद्ध चहातही चहा वगळून नुसतं दूध-गोळ्या मिळतात. कोपऱ्यावरच्या दुकानात चहाच्या काढ्यात उकळलेली अंडी असतात, त्यांच्यावर मात्र जोड्याजोड्यांत वाद आहेत. एक म्हणतो ते पेय नाही, खाद्य आहे. दुसरा काही म्हणत नाही, फक्त बघतो.

कचऱ्याचं थोडक्यात. कचरा रस्त्यावर ठेवायचा नाही. गाडी बीथोव्हेन वाजवत येते, तेव्हा स्वतः खाली उतरून टाकायचा. गाडी येते बहुधा संध्याकाळी, तेव्हा आम्ही दुसऱ्याच मोहल्ल्यात. तैपेईत बुधवारी आणि रविवारी ती येतच नाही. घरी असताना सूर ऐकू आलाच तर पिशवी एकाची, पळणारे दोघं, एकाच्या तोंडाला दाढीचा साबण.

आठवड्यातून एकदा मात्र अधिकृत भांडण असतं. त्याला भांडण म्हणत नाहीत. पुढच्या आठवड्याची आखणी झाली की जोडीने एकमेकांचा आढावा घ्यायचा. आधी दुसऱ्याचे गुण सांगायचे, मग सुधारायच्या गोष्टी, शेवटी प्रार्थना. गुण पटकन संपतात. ‘तू फार चिकाटीचा आहेस’ या वाक्याचा खरा अर्थ ‘तू गजर पाच वेळा पुढे ढकलतोस’ असा असतो, हे दोघांनाही माहीत असतं. साखळीला तेल कोणी द्यायचं, हा विषय इथे निघतो आणि इथेच राहतो.

सोमवार तयारीचा दिवस. शर्टांच्या कॉलरी साबण लावून ब्रशने घासायच्या, दमट हवेत ते दोन दिवस वाळत नाहीत म्हणून खोलीत हवेतलं पाणी ओढणारं यंत्र लावायचं, आणि त्याची टाकी भरली की ते बंद पडतं हे विसरायचं. घरी फोनही याच दिवशी. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत वर्षातून दोनदाच परवानगी होती, आता दर आठवड्याला आहे. तिथे सकाळचे दहा म्हणजे इथे साडेसात, आईचा कुकर लावायचा वेळ. ती विचारते, ‘तिकडे चहा तरी मिळतो ना रे?’ जोडीदार शेजारीच. त्याला मराठी येत नाही, पण ‘चहा’ कळतो.

दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. फोन येतो, एक जण दोन बॅगा बांधून जातो आणि त्याच दिवशी दुसरा येतो. ‘आम्ही’ तेच राहतो, फक्त अर्धं बदलतं. नवा एल्डर शांत असतो, गजर एकदाच लावतो, साखळीला स्वतःहून तेल देतो. त्याच्या सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह तेवढा बारीक तोंडाचा निघतो, आणि घरातला पंप जाड तोंडाचा.