बटणावरचा अंगठा: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. स्वरयंत्र काढलेली माणसं बटण दाबून, मानेला टेकवून ज्यावर बोलतात त्या यंत्राच्या (इलेक्ट्रोलॅरिंक्सच्या) बॅटरीबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘स्वरयंत्र काढलेल्या माणसाला बोलता येतंय हे पुष्कळ झालं. यंत्र किती वीज खातं, हा इंजिनिअर लोकांचा चाळा. मोबाईलसारखं रात्री चार्जिंगला लावायचं, विषय संपला,’ असं तुम्ही लिहिलंत. शिवाय अन्ननलिकेतून (हवा आत घेऊन ती ढेकरेसारखी परत सोडत) बोलायला शिकलं की बॅटरीची भानगडच नको, हेही.

बिलाचं म्हणाल तर कबूल. ९ व्होल्टच्या अल्कलाइन सेलमध्ये साधारण साडेचार वॉट-तास असतात. विजेच्या एका युनिटात असे दोनशेवर सेल मावतील. पण मोबाईल बंद पडला तर आपण हाक मारतो, यांनी काय करायचं?

साधं बोलताना तोंडातून निघणारी ध्वनिशक्ती वॉटचा हजारावा हिस्साही नसते. मग सेल खातं कोण? यंत्रात विद्युतचुंबकाने हलणारा छोटा दांडा पडद्यावर आपटतो. ती थरथर मानेतून घशात आणि तिथून तोंडात पोचायची. बरीचशी मांसातच जिरते, काही यंत्रातून थेट बाहेर घुरघुरते. कॅन्सरवरच्या रेडिएशनने मान कडक झाली असेल तर विचारूच नका. माणूस आवाज वाढवतो, सेल लवकर बसतो, आणि समोरच्याला शब्दांपेक्षा घुरघुरच जास्त ऐकू येते.

माझ्याकडे दुरुस्तीला येणारे एक काका, पूर्वी यंत्रमागावर होते. ‘दुपारीच सेल जातो’ ही तक्रार. आत स्वस्तातला झिंक-कार्बन सेल. मीटर लावून दाखवलं: बटण दाबलं की व्होल्टेज धाडकन खाली. आणि अंगठा बटणावरून उठायचाच नाही. मी बोलतोय तरी यंत्राचं घुर्र चालूच. वीज जाते ती बटण दाबलेलं असताना. सेल अल्कलाइन घातला, जबड्याखालची मऊ जागा शोधून यंत्राचं तोंड सपाट टेकवायला लावलं, तर आवाज कमी ठेवूनही शब्द कळायला लागले. (हे खरं तर विकतानाच शिकवायला हवं.)

आणि चार्जिंगच्या यंत्राचं म्हणाल तर, सोलापूरच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेली लिथियम बॅटरी उष्णतेने किती लवकर खराब होते, ते वेगळं सांगत नाही.

अन्ननलिकेतून बोलणं उत्तमच, पण ते चिकाटीचं काम आहे आणि सगळ्यांना जमत नाही. तुम्ही झडपेचा पर्याय सोडलात. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये ती बसवतात, फुप्फुसातल्या हवेवरच आवाज निघतो, वीज शून्य. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांची ‘ऑम’ झडप तर ५० रुपयांच्या आसपासची म्हणून गाजली. पण झडप खराब झाली की बदलायला डॉक्टर लागतो. सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. म्हणून यंत्र घेताना मी पहिलं हेच विचारायला सांगतो: सेल आपला आपल्याला बदलता येतो का?