ऑल टाइम बेस्ट काढताना गोलकीपरला कुणी धरतच नाही

काल रात्री परत तोच वाद. भारताची मॅच संपली आणि आम्ही चार हॉकीवेडे बसलो होतो, आणि असं बसलं की अर्ध्या तासात गाडी तिथेच येते, आपल्या टीमचा आजवरचा सगळ्यात भारी प्लेयर कोण. एक जण ध्यानचंदवरून हलत नाही, 1928, 1932, 1936, तीन ऑलिंपिक तीन गोल्ड, विषय संपला म्हणतो. दुसऱ्याचं बलबीर सिंग सिनियर, 1952 च्या फायनलला नेदरलँड्सला 6-1 ने हरवलं त्यातले 5 गोल एकट्या बलबीरचे. तिसऱ्यासाठी धनराज पिल्ले म्हणजे देव, आणि त्याचं मला कळतं कारण मीही धनराजला बघूनच हॉकीच्या नादी लागलो. बॉल घेऊन सुटला की केस उडतायत, डिफेंडर मागे मागे सरकतोय, आपण टीव्हीसमोर उठून उभे! 4 ऑलिंपिक आणि 4 वर्ल्ड कप खेळला हा माणूस.

पण मी काल नाव घेतलं शंकर लक्ष्मण. तर दोघांनी विचारलं, कोण?

हे मला खरंच लागलं. म्हणून एवढं लिहितोय.

शंकर लक्ष्मण आपले गोलकीपर. लागोपाठ तीन ऑलिंपिक फायनल खेळले, 1956 मेलबर्न, 1960 रोम, 1964 टोकियो, आणि तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. स्कोअर बघा. 1956 ला 1-0 जिंकलो, 1960 ला 0-1 हरलो, 1964 ला 1-0 जिंकलो. म्हणजे तीन फायनल मिळून या माणसाने खाल्लेला गोल एक. एकच! आणि आपल्या टीमने तीन फायनलमध्ये मारले दोन, त्यातला 1956 चा रणधीर सिंग जेंटलने पेनल्टी कॉर्नरवर मारला आणि 1964 चा मोहिंदर लालने पेनल्टी स्ट्रोकवर. मग मला सांगा ती दोन गोल्ड कुणी राखली? मेलबर्नला तर अख्ख्या स्पर्धेत भारताने 38 गोल मारले आणि एकही खाल्ला नाही. आता त्यात अफगाणिस्तान, अमेरिका असल्या कच्च्या टीम होत्या हे मान्य, पण सेमीला जर्मनी आणि फायनलला पाकिस्तान, दोन्ही 1-0, तिथे एक चूक झाली असती तर?

मी स्वतः कॉलेजमध्ये दोन वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय म्हणून सांगतो. मागे 12 फूट रुंद आणि 7 फूट उंच गोल असतो आणि पेनल्टी कॉर्नरला समोरून मारणारा धावत येतो तेव्हा तो गोल अचानक दुप्पट मोठा वाटायला लागतो. बॉल क्रिकेटच्या बॉलएवढाच जड. एकदा पॅड आणि किकरच्या (बुटावर घालतात ते जाड गार्ड) मधल्या फटीत बसला होता, आठ दिवस नीट पाय टेकवता येत नव्हता, आणि माझ्या अंगावर तर हेल्मेट, चेस्ट गार्ड सगळं होतं. शंकर लक्ष्मण यांचे जुने फोटो शोधून बघा, पायाला पॅड, हातात ग्लोव्हज, डोकं उघडं. आणि खाली गवत, म्हणजे बॉल कुठल्या उंचवट्यावर टप्पा खाऊन तोंडावर येईल ते सांगता येत नाही.

मग कुणीतरी अलीकडचा गोलकीपर श्रीजेश काढतोच, आणि काढायलाच पाहिजे. 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझच्या मॅचला जर्मनीविरुद्ध 5-4, शेवटचे काही सेकंद राहिलेले, पेनल्टी कॉर्नर, आणि अडवला. नंतर गोलपोस्टवर चढून बसलेला श्रीजेश, त्या दिवशी मी ढसाढसा रडलोय, 41 वर्षांनी ऑलिंपिक मेडल होतं ते. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला रेड कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी मॅच ओढली, शूटआउटला 4-2, तेही श्रीजेशमुळेच. आताचे ड्रॅग फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला स्टिकने ओढून फेकलेले बॉल, ज्या स्पीडने येतात तसं त्या काळी नव्हतं, हेही खरं. पण तीन ऑलिंपिक फायनल आणि एक गोल, यापुढे माझं मन शंकर लक्ष्मण यांच्याकडेच झुकतं.

आणि धनराजवाल्यांसाठी एक. 1998 ला बँकॉकला धनराज कॅप्टन असताना एशियन गेम्सचं गोल्ड आलं ते 32 वर्षांनी. त्याआधीचं 1966 चं, तेही बँकॉकलाच, तेव्हा कॅप्टन कोण होतं? शंकर लक्ष्मण. गोलकीपर कॅप्टन, फायनलला परत पाकिस्तान, परत 1-0. आणि 1998 ची फायनलसुद्धा शेवटी पेनल्टी स्ट्रोकवर आशिष बल्लाळनेच वाचवली ना, तो पण गोलकीपरच. उलट बघायचं तर सिडनी 2000, पोलंडविरुद्ध अगदी शेवटी शेवटी एक गोल खाल्ला, 1-1, सेमीत जायची संधी गेली, आणि धनराजला ऑलिंपिक मेडल कधीच मिळालं नाही. त्या मॅचची आठवण आली की अजून पोटात कालवतं. एका गोलची किंमत धनराजच्या फॅनला मी काय वेगळी सांगू?

ध्यानचंद ध्यानचंदच आहेत, त्यांच्या जन्मदिवशी, 29 ऑगस्टला देश क्रीडा दिन करतो, योग्यच आहे. पण शंकर लक्ष्मण यांचं नाव हॉकीवाल्यांनाही ठाऊक नसावं? मध्य प्रदेशातल्या महूचा माणूस, आधी फुटबॉल खेळायचे, आर्मीत गेल्यावर हॉकी. आणि आपल्या मराठी लोकांना तर माहीत पाहिजेच, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते ते, कॅप्टन म्हणून रिटायर झाले. अर्जुन मिळाला, पद्मश्री मिळाली, आणि 2006 मध्ये महूलाच गेले. पायाला गँगरीन झालं होतं. ज्या पायांनी पाकिस्तानचे फॉरवर्ड तीन फायनल अडवले तोच पाय, हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो.

काल ज्या दोघांनी कोण विचारलं त्यांना रात्रीच तिन्ही फायनलचे स्कोअर पाठवलेत. एकाचा सकाळी मेसेज आला, 'ठीक आहे, गोलमध्ये तुझा माणूस, पण सेंटर फॉरवर्ड ध्यानचंद.' बलबीरवाला अजून गप्प आहे.