लेड झेपलिनचा तो एक सोमवार

"सगळं ठीक आहे रे, पण पट्टी उतरवलीय."

'सेलिब्रेशन डे'चा, म्हणजे लेड झेपलिन या इंग्रज रॉक बँडच्या २००७ सालच्या लंडनमधल्या कार्यक्रमाच्या व्हिडिओचा, विषय निघाला की आमच्यातला एक मित्र हे वाक्य टाकतोच. (म्हणजे गाणी मूळ सुरापेक्षा खालून गायलीत, हा आरोप.) डिस्क आली तेव्हापासून वाक्य तेच, सूर तोच. काल रात्री परत एकदा तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला (कितव्यांदा ते विचारू नका, घरातले हिशेब ठेवून आहेत) आणि ठरवलं, या पट्टीच्या भांडणावर एकदाचं लिहूनच टाकायचं. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० ला गेला, अवघा बत्तीस वर्षांचा. त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड बंद केल्याचं जाहीर केलं. पुढे २००६ च्या डिसेंबरात अहमत एर्टेगन वारले. ज्या अटलांटिक रेकॉर्ड्सने १९६८ साली या पोरांना करारबद्ध केलं, तिचे ते सहसंस्थापक. त्यांच्या स्मरणार्थ लंडनच्या ओटू अरीनात एक कार्यक्रम ठरला. तारीख होती २६ नोव्हेंबर २००७, पण गिटारवाल्या जिमी पेजचं बोट मोडलं आणि ती गेली १० डिसेंबरवर, सोमवारी. तिकीट १२५ पौंड, माणसं साधारण अठरा हजार, आणि तिकिटांसाठी अर्ज आले म्हणे दोन कोटी! एका चाहत्याने तर एका मदतनिधीच्या लिलावात दोन तिकिटांसाठी ८३ हजार पौंड मोजले. पेज ६३ वर्षांचा, बेस आणि कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स ६१, गायक रॉबर्ट प्लांट ५९. ड्रमवर जॉनचा मुलगा जेसन. सोळा गाणी, एकच रात्र. व्हिडिओ यायला मात्र आणखी पाच वर्षं लागली, २०१२.

आता पट्टी. हो, उतरवलीय. बरीच गाणी खालून घेतलीत. 'स्टेअरवे टू हेवन' तर सरळ पांढरी सहावरून पांढरी पाचवर आलंय, म्हणजे अख्खा एक सूर खाली. मित्र म्हणतो ही फसवणूक. मला कळत नाही, फसवणूक कोणाची? प्लांट १९६९ ते ७३ च्या दरम्यान ज्या उंचीवर गायचा ती उंची त्यालाच पुढच्या दौऱ्यांत जमेनाशी झाली होती. सत्तरच्या मध्यातली रेकॉर्डिंग्ज नीट ऐका, तेव्हाच तो वरच्या ओळी टाळायला लागलाय. म्हणजे ज्या आवाजाशी तुलना चाललीय तो जेमतेम चार-पाच वर्षं होता. गवयाचं वय झालं की पट्टी खाली येते, त्यात लाजायचं काय? लाज तर मूळ पट्टी धरून वरच्या सुरावर चिरकण्यात असते.

तेही या लोकांनी करून झालंय. १३ जुलै १९८५, फिलाडेल्फियातला लाइव्ह एड, मदतनिधीसाठीचा तो मोठा कार्यक्रम. तयारी नाही, मॉनिटर (वादकांना आपलं वाजणं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवतात ते स्पीकर) धड नाहीत, पेजचं गिटार सुरात नाही, प्लांटचा घसा बसलेला, आणि ड्रमवर एक सोडून दोन पाहुणे, फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्प्सन, एकमेकांना चुकवत वाजवतायत. २००४ मध्ये त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा या तिघांनी आपला भाग त्यात घालू दिला नाही. तो भाग एकदा डोळे उघडे ठेवून बघा आणि मग २००७ कडे या. पट्टी उतरवणं हा शहाणपणा होता हे आपोआप पटेल.

आणि खालच्या पट्टीतला प्लांट काय करतो ते ऐकलंय का? तो ओरडण्याच्या जागी बोलल्यासारखा गातो. ओळीचा शेवट फेकून न देता हातात धरून ठेवतो. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' मूळ रेकॉर्डवर तरण्याताठ्या पोराचं दुःख आहे, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारं. इथे तेच गाणं एक साठीला टेकलेला माणूस म्हणतोय, ज्याने खरोखरच बरंच काही गमावलंय. मला हे जास्त लागतं. तुम्हाला नसेल लागत, हरकत नाही.

पण खरं सांगायचं तर या व्हिडिओत मी प्लांटकडे बघतच नाही फारसा. पेजकडेही नाही. मी बघतो ते चौघे उभे कुठे आहेत ते. एवढं प्रचंड स्टेज, मागे भिंतीएवढा पडदा, आणि ही मंडळी ड्रमच्या पुढ्यात एका खोलीएवढ्या जागेत दाटीवाटीने. हल्लीचे मोठे बँड बघा, एक जण या टोकाला, दुसरा त्या टोकाला, गळ्यात गिटार अडकवून धावतायत. इथे पेज आणि जोन्स सारखे वळून जेसनकडे बघतात. कधी खुणेसाठी, कधी नुसतेच. एखादी अवघड जागा सुखरूप पार पडली की पेजच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते अभिनयाचं नाही. परीक्षेत नेमका येणारा प्रश्न आल्यावर होतो तसला चेहरा.

इथे माझी दिग्दर्शक आणि संकलकाशी तक्रार आहे. अहो, जरा थांबा की एका दृश्यावर! गिटारचा सोलो ऐन रंगात आलेला आणि कॅमेरा बोटं सोडून भलतीकडे. मधूनच जुन्या घरगुती कॅमेऱ्याने काढल्यासारखी दाणेदार दृश्यं पेरलीत, ती कोणाला आवडतात मला माहीत नाही. मला नाही आवडत. ज्याला गिटार शिकायचंय तो पेजच्या डाव्या हातासाठी तडफडतो, आणि दिग्दर्शकाला प्रेक्षकांचे हात दाखवायचेत. सगळ्यात जास्त अन्याय झालाय जोन्सच्या पायांवर. हा माणूस कीबोर्डला बसला की बेसच्या तारा रिकाम्या राहतात, मग खालचे सूर तो पायाने पेडलवर वाजवतो. दोन हात एकीकडे, पाय तिसरीकडे, चेहरा बँकेत रांगेत उभा असल्यासारखा. एखादाच कॅमेरा कायमचा त्या पायांवर ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

आता जेसन. माझं सगळं प्रेम इथे आहे.

'द साँग रिमेन्स द सेम' नावाचा त्यांचा जुना सिनेमा आहे, १९७६ चा, चित्रीकरण १९७३ सालचं, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं. (तोही म्हणायला लाइव्ह. मधले काही तुकडे नीट मिळाले नव्हते म्हणून नंतर शेपर्टन स्टुडिओत परत चित्रित केले, आणि तोवर जोन्सने केस कापलेले असल्यामुळे बिचाऱ्याला टोप घालून उभं केलं. 'लाइव्ह'च्या शुद्धतेवर वाद घालणाऱ्यांनी हा टोप विसरू नये.) त्या सिनेमात जॉन बॉनमच्या घरगुती दृश्यांमध्ये एक चिमुरडं पोर छोट्याशा ड्रमसेटवर बडवत बसलेलं दिसतं. तोच हा. बाप गेला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. ओटू अरीनात त्या जागेवर बसला तेव्हा एक्केचाळीस. म्हणजे बाप जितका जगला त्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा.

याआधीही तो त्यांच्याबरोबर बसला होता, १९८८ मध्ये, अटलांटिकच्या चाळिशीच्या कार्यक्रमात, त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. पण तो प्रयोगही फसलाच. मग जवळजवळ वीस वर्षांनी परत ड्रममागची तीच जागा, आणि पहिलंच गाणं कोणतं? 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'. बँडच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं, ज्यात त्याच्या वडिलांनी एका पायाने, एका पेडलवर, असे काही झटपट ठोके मारून ठेवलेत की ड्रमर लोक आजही त्यावर पैजा लावतात. मी स्वतः हौशी ड्रमर आहे. त्या गाण्याबरोबर वाजवायचा प्रयत्न मी केलाय. दुसऱ्या मिनिटाला पोटरीत गोळा आला आणि पाय चोळत जमिनीवर बसलो. जगभरचे डोळे आपल्यावर, समोर काका लोक, आणि सुरुवात या गाण्याने. जेसन ते वाजवतो, वर मागून साथीला गातोही!

चाहत्यांमध्ये यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, त्याने बापाची नक्कल केली. दुसरा म्हणतो, बापासारखं वजन नाही त्याच्या हाताला. दोन्ही आरोप एकदम कसे खरे असतील हे मला कोणीतरी समजावून सांगा. 'कश्मीर' ऐका. त्या गाण्याची गंमत अशी की रिफ (परत परत येणारी ती धून) तीन मात्रांची आणि ड्रम चारचे. दोघं आपापल्या चालीने चालत राहतात आणि दर बारा मात्रांनी समेवर भेटतात. यात ड्रमरने जरा हुशारी दाखवली, एखादा जास्तीचा ठोका घुसवला, की खेळ खलास. जेसन अजिबात हुशारी दाखवत नाही. शांतपणे, मागे रेलल्यासारखा, चार मोजत राहतो. मग ज्या जागी मोकळीक आहे तिथे मात्र असा सुटतो की जोन्ससुद्धा मान वर करून बघतो. वडिलांचं घर नीट सांभाळायचं आणि एखादी खिडकी आपल्या पसंतीची उघडायची, एवढंच त्याने केलंय.

सगळंच भारी आहे असं मी म्हणत नाहीये. सुरुवातीची दोन गाणी अवघडलेली आहेत, हात अजून गरम झालेले नाहीत. 'स्टेअरवे' मला फार जपून वाजवल्यासारखं वाटतं. पेज दोन माना असलेलं ते गिटार घेतो, वरच्या मानेवर बारा तारा, खालच्या मानेवर सहा. सोलोसाठी खालच्या मानेवर येतो तेव्हा अख्खं सभागृह श्वास रोखून बसतं, आणि नेमका तोच सोलो हिशेबी. उलट 'फॉर युअर लाइफ' बघा. १९७६ च्या अल्बममधलं हे गाणं त्यांनी तोवर लोकांसमोर एकदाही पूर्ण वाजवलं नव्हतं. तुलनेला जुनी लाइव्ह आवृत्तीच नाही, म्हणून कोणाच्या छातीवर दडपण नाही. सोळांतलं सगळ्यात मोकळं गाणं माझ्या मते हेच. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'मध्ये पेज व्हायोलिनचा गज काढून लेझरच्या पिरॅमिडमध्ये उभा राहतो, तो भाग काही जणांना लांबण वाटतो. मला अजून मजा येते. तिथे मी परत पंधरा वर्षांचा होऊन जातो.

यानंतर दौरा झाला नाही, याचं खापर सगळे प्लांटवर फोडतात. तो २००८ मध्ये गायिका ॲलिसन क्राउसबरोबर गात फिरला. पुढच्या वर्षी त्या दोघांच्या 'रेझिंग सँड'ला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला. आमच्या मित्राचा त्याच्यावर याचाही राग आहे. माझा अजिबात नाही. समजा पन्नास शहरांत पन्नास रात्री झाल्या असत्या, तर विसाव्या रात्री पेजने जेसनकडे वळून बघितलं असतं का? बघायची गरजच उरली नसती.

गेल्या आठवड्यात त्या मित्राला मुद्दाम बोलावून 'कश्मीर' लावलं. चांगले स्पीकर, दिवे बंद, मध्ये बोलायचं नाही या अटीवर. गाणं संपलं. टाळ्यांचा गजर विरत गेला तरी तो हलला नाही. बराच वेळ गप्प बसला. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"पट्टी मात्र उतरवलीय हं," म्हणाला. "परत लाव."